सईला उपाशी ठेवू नका

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून लिहितोय. माझी लेक सई आत झोपलीय, ताप उतरलाय, सलाईन चालू आहे. घाबरायचं कारण नाही, कुणी फोन करू नका, सईची आई आत्ताच कुठे टेकलीय. पण माझं डोकं सकाळपासून तापलंय ते काही उतरेना. लांब होणार आहे, वेळ असेल त्यांनीच वाचा.

सकाळी सातला ताप १०२. दोन उलट्या. सईला लीह सिंड्रोम नावाचा जन्मजात आजार आहे, ताप आला की आम्ही 'संध्याकाळपर्यंत बघू' म्हणत नाही, अर्ध्या तासात दवाखान्यात असतो. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होते. मी नेहमीसारखं आधी पत्र पुढं केलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते बघितलंय. लॅमिनेट केलेलं, वर लाल पट्टी, बेंगळूरच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं. ह्या मुलीला उपाशी ठेवू नका. तोंडानं काही टिकत नसेल तर लगेच शिरेतून ग्लुकोज सुरू करा. रिंगर लॅक्टेट नावाच्या सलाईनची बाटली लावू नका. फिट आली तर व्हॅल्प्रोएट देऊ नका. शुगर बघा, रक्तातलं लॅक्टेट बघा, म्हणजे पेशींना शक्ती कमी पडली की वाढणारं आम्ल. एक पान. वाचायला मिनिटभर लागतं.

त्यांनी पत्र टेबलावर उलटं ठेवलं. फाईलवरचं नाव बघितलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "लीह सिंड्रोम ना? ह्याला उपचार नाहीत हो. पॅरासिटामॉल लिहून देतो, घरी न्या."

सई चार वर्षांची आहे. हे वाक्य आजवर किती जणांच्या तोंडून ऐकलं ते मी मोजत बसलो नाही. पण आज तिच्या आईच्या तोंडावर बोलले, सई तिच्या खांद्यावर असताना. म्हणून आज गप्प बसणार नाही.

हा रोग मुळापासून घालवणारं औषध नाही, हे मला पाठ आहे. रोज रात्री पाठ होतं. पण औषध नाही म्हणजे उपचार नाहीत? माझ्या आईला बावीस वर्षं शुगर आहे. ती तरी कुठे मुळापासून गेली? तिला कधी कुणी म्हणालं नाही, आजी, ह्याला काही नाही, घरी जावा. तिची शुगर मोजतात, गोळ्या बदलतात, पायाची जखम बघतात. मग माझ्या पोरीची शुगर मोजायला काय हरकत आहे?

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथं बेळगावात उद्यमबागेत माझी शेड आहे, दोन लेथ आहेत, तिथलंच उदाहरण देतो. थ्री फेजची मोटर असते. एक फेज गेली तर ती लगेच बंद पडत नाही. घुं घुं करत राहते, तापते, आणि त्यात लोड आला की वाइंडिंग जळतं. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत अन्नाची शक्ती करणारे बारीक कारखाने असतात, त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. सईचे ते कारखाने कमी ताकदीवर चालतात. एरवी ती हसते, आईचा आवाज ओळखते, अंगाई लावली की पाय हलवते. ताप, उलटी, उपास हा तिच्यावरचा लोड. त्या वेळी बाहेरून शक्ती पोचली नाही तर जळतं ते मेंदूतलं, आणि मेंदू रिवाइंड करून मिळत नाही. मेंदू, स्नायू, हृदय, डोळे ह्यांना शक्ती जास्त लागते, म्हणून पहिला फटका त्यांनाच बसतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. अडीच वर्षांपूर्वी एका दिवसात शिकलो.

सई तेव्हा दीड वर्षाची होती. बसायची. मान धरायची. मला 'अप्पा' म्हणायची, दोन्ही प वर जोर देऊन. रक्तात लॅक्टेट जास्त आलं होतं, आजाराचा संशय होता, एमआरआय काढायचा होता. लहान मूल हलतं, म्हणून भूल द्यावी लागते. सकाळी सहापासून काही द्यायचं नाही असं सांगितलं होतं, आम्ही दिलं नाही. नंबर नऊचा होता. नऊचे अकरा झाले, अकराचे एक. मी तीनदा खिडकीवर जाऊन सांगितलं, आमच्या डॉक्टरांनी हिला जास्त वेळ उपाशी ठेवू नका म्हणून सांगितलंय. तिसऱ्या वेळी मला म्हणाले, सगळ्यांचीच मुलं उपाशी आहेत. सईची आई दुधाची बाटली टॉवेलात गुंडाळून पिशवीत धरून बसली होती, नंबर झाला की लगेच द्यायला. शेजारी खानापूरकडच्या एक म्हाताऱ्या आजी होत्या, त्या सारख्या म्हणत होत्या, "पोरगीला उपाशी कशाला ठेवलायसा गा? बघ की कशी सुकलीय." त्या आजीला कळलं. आम्ही मात्र शिकलेली माणसं, नियम मोडायला घाबरलो.

साडेतीनला तिचा श्वास वेगळा व्हायला लागला. खोल, भराभर, धावून आल्यासारखा. चारला नंबर पुकारला तेव्हा डोळे वर गेले होते. मग आयसीयू, नऊ दिवस. नऊ दिवसांनी घरी आणली ती दुसरीच सई. मान खांद्यावर पडलेली. 'अप्पा' त्यानंतर मी ऐकलेलं नाही.

भूल द्यायला पोट रिकामं लागतं, मान्य. पण पोट रिकामं ठेवून शिरेतून ग्लुकोज देता येतं. ती बाटली शंभर रुपयांचीही नाही. दहा तासांत कुणी एक बाटली लावली नाही.

तर ज्याला 'उपचार' म्हणतात तो आमच्यासाठी ही शंभर रुपयांच्या आतली बाटली आहे. दर तीन तासांनी नळीतून दूध आहे. फिजिओथेरपी आहे, म्हणजे पाय वाकडे होत नाहीत, छातीत कफ साठत नाही. थायमिन, रायबोफ्लेविन, कोएन्झाइम क्यू टेन, कार्निटिन ही व्हिटॅमिनसारखी पूरक औषधं आहेत. त्यांचा किती उपयोग होतो ह्यावर डॉक्टरांत एकमत नाही, तेही मान्य. पण काही मुलांत नुसत्या थायमिन आणि बायोटिननं चित्र पालटतं, असा एक प्रकार आहे, आणि तो लवकर ओळखला तरच. आधीच 'उपचार नाहीत' म्हणून घरी पाठवलं तर तो ओळखणार कोण? आणि हो, काही मुलांना उलट जास्त ग्लुकोजच नडतं. मग त्या मुलाच्या पत्रात तसं लिहिलेलं असतं. पत्र वाचा, एवढंच तर म्हणतोय.

आता दुसरी गोष्ट. ही लिहावी की नको असं दोन वर्षं चाललंय.

मायटोकाँड्रिया आईकडून येतात असं व्हॉट्सअॅपवर सगळ्यांनी वाचलंय. ते खरं आहे. त्यांचा स्वतःचा डीएनए असतो, ३७ जीन्सचा म्हणजे जनुकांचा, आणि तो आईकडूनच येतो. पण मायटोकाँड्रिया चालवायला लागणारे बाकी शेकडो जीन्स नेहमीच्या डीएनएत असतात, ते आई आणि बाप दोघांकडून येतात. सईचा दोष सर्फ वन नावाच्या जीनमध्ये आहे. एक खराब प्रत तिच्या आईची, एक माझी. निम्मं-निम्मं. असं असताना माझ्याच घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी दुसऱ्या एका बाळाच्या बारशाला जमलेल्या बायकांसमोर सईच्या आईला म्हटलं, "तुझ्याकडचंच आलंय म्हणे." ती काही बोलली नाही. त्यानंतर सहा महिने ती कुठल्या हळदीकुंकवाला गेली नाही. मी त्या दिवशी तिथं नव्हतो, आणि कळल्यावरही मोठ्या माणसांना कसं बोलायचं म्हणून गप्प राहिलो. आज बोलतो. तुझ्याकडचं नाही. आमच्या दोघांचं आहे.

आणि माझी बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी आहे. आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत आहे, इथल्या कन्नड घरांत मामा-भाचीचंही लग्न होतं. मी कुणाच्या लग्नाला नावं ठेवत नाही. माझा संसार सुखाचा आहे, पुन्हा संधी मिळाली तर हीच बायको करीन. पण नात्यात लग्न झालं असेल आणि घरात एखादं मूल असं गेलं असेल, 'ताप डोक्यात गेला' म्हणून, 'बाहेरचं झालं' म्हणून, तर पुढच्या खेपेआधी एकदा जनुकांच्या डॉक्टरकडे जाऊन या. आमच्यासारख्या जोडप्याला प्रत्येक खेपेला चारात एक धोका असतो, आणि घरातल्या आजारी मुलाचा जीन माहीत असेल तर पोटात असताना तपासणी करता येते. माझ्या आजोळी अशी दोन मुलं गेलीत, माझ्या जन्माआधी. नावंसुद्धा कुणाला आठवत नाहीत.

हे टाइप करताना राग थोडा उतरला. मग सीमाभागाचं आठवलं आणि परत चढला.

माझ्याबद्दल कुणाला शंका नको. १ नोव्हेंबरला काळा दिन पाळायला मी दहावीपासून जातोय. बेळगावसह सीमाभाग महाराष्ट्रात यावा हा प्रश्न १९५६ पासूनचा आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि तो सुटला पाहिजे. पण सई तोवर थांबू शकत नाही. २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले आरोग्य योजना जाहीर केली, लगेच कर्नाटकानं विरोध केला, आठवडाभर दोन्हीकडच्या चॅनेलवर तेच. तेव्हा तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पोस्टी टाकल्या. त्या सगळ्या पोस्टींमध्ये एकदाही कुणी विचारलं नाही की आजारी माणूस नेमका काय मागतोय. मीही विचारलं नव्हतं.

केंद्राचं २०२१ चं दुर्मिळ आजारांचं धोरण आहे. २०२२ पासून ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, ती नेमून दिलेल्या केंद्रांतून मिळते. कर्नाटकातलं केंद्र बेंगळूरला, महाराष्ट्रातलं मुंबईला केईएममध्ये. बेळगावातून दोन्हीकडे जवळपास पाचशे किलोमीटर. आम्ही कुठल्याही राज्यात गेलो असतो तरी अंतर तेवढंच. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर पोरीला मांडीवर घेऊन, नळीतून दूध घालत, प्रत्येक स्टेशनला श्वास बघत जायचं. आणि मागायचं काय, तर ५० लाख नाहीच. ज्या आजाराला एक महागडं इंजेक्शन आहे त्याला पैशाचा आकडा तरी मागता येतो. आम्हाला पाहिजे पत्र वाचणारा माणूस, आणि लॅक्टेटचा रिपोर्ट त्याच दिवशी.

दर हिवाळ्यात अख्खं सरकार बेंगळूरहून इथं येतं. मंत्री, आमदार, सचिव, गाड्यांचे ताफे, सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन. आपण त्याविरोधात महामेळावा घेतो, घेतलाच पाहिजे. पण मला सांगा, सरकार पाचशे किलोमीटर चालून येऊ शकतं तर जनुकांचा एक डॉक्टर महिन्यातून एक दिवस बेळगावला का येऊ शकत नाही? निपाणी, चिकोडी, खानापूर, अथणीची मुलं त्या दिवशी इथंच दाखवता येतील. साधारण पाच हजार माणसांमागे एकाला असला आजार असतो म्हणतात, मोठी माणसं धरून. २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा ४७ लाखांच्या वर होता. हिशेब करा. 'दुर्मिळ' म्हणून ज्यांना बाजूला ठेवलंय ती आपल्याच गल्लीतली मुलं आहेत, फक्त त्यांच्या आजाराला कुणी नाव दिलेलं नाही.

कॅज्युअल्टीत गर्दी असते, डॉक्टरला रात्रभर झोप नसते, हे मी बघतो. ठीक आहे.

आणि सगळेच तसे नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. सकाळी मी त्या टेबलावरून पत्र उचलत होतो तेव्हा एका सिस्टरनी ते माझ्या हातातून घेतलं. वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मला कन्नडमध्ये विचारलं, शेवटचं दूध कधी दिलं? मी म्हटलं, पहाटे चारला, नंतरचं उलटून पडलं. त्या काही बोलल्या नाहीत, सरळ आत जाऊन मोठ्या डॉक्टरांना घेऊन आल्या. वीस मिनिटांत सईच्या हाताला ग्लुकोज लागलं होतं. अडीच वर्षांपूर्वी ज्या सिस्टरनी "एनू तिन्निसबेडी", काही भरवू नका, म्हणून बजावलं त्याही कन्नडच होत्या, आणि खिडकीवरचा माणूस चांगला आपला मराठी होता. म्हणून आज भाषेवरून कुणी कॉमेंटमध्ये सुरू करू नका, मी डिलीट करीन.

पत्राचं आम्ही कन्नड आणि मराठीत भाषांतर करून घेतलंय, तीन भाषांत एका कागदावर. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून आपल्या मुलाचं पत्र लिहून घ्या. माझं वापरू नका, प्रत्येकाचं वेगळं असतं. तीन प्रती करा, एक शाळेत किंवा अंगणवाडीत, एक आज्जीकडे, एक गाडीच्या डिकीत. ज्यांची मुलं एमबीबीएसला आहेत, नर्सिंगला आहेत, त्यांनी आज घरी फोन करून फक्त एवढं विचारा, मायटोकाँड्रियाचं मूल कॅज्युअल्टीत आलं तर पहिल्या दहा मिनिटांत काय करशील? आणि मंडळवाल्या मित्रांनो, आरोग्य शिबिरात डोळे आणि बीपी तपासता तसं ह्या वर्षी एक दिवस जनुकांचा डॉक्टर बोलवूया. त्यांचा प्रवासखर्च मी देतो.

मघाशी आत जाऊन आलो. सईची आई खुर्चीतच झोपलीय, मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली बाटली. सई आता बाटलीनं पीत नाही, नळी आहे. पण दवाखान्यात यायचं म्हटलं की ती अजून बाटली भरून घेते. मी कधी विचारलं नाही का म्हणून.

शुगर ११२ आहे. श्वास बरोबर आहे. एकचा गजर वाजला, दुधाची वेळ झाली. तिला उठवत नाही, आज मीच देतो.