बाकी येणे ४,०००

पावती आधीच लिहून झाली होती. मी दार उघडलं, 'या या' म्हणालो, त्यांनी चपला काढल्या आणि सोफ्यावर टेकायच्या आत टर्रकन पावती फाटली. त्यावर माझं नाव, फ्लॅट नंबर आणि रक्कम रु. ५,००१/-. अक्षरी रुपये पाच हजार एक फक्त. त्या 'फक्त'चा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

गेल्या वर्षी गणपतीची वर्गणी ५०१ होती. मी नम्रपणे म्हणालो, "काका, मधे एक शून्य जास्त पडलंय का?"

"पडलं नाही," आमच्या सोसायटीचे खजिनदारकाका म्हणाले, "टाकलंय."

खजिनदारकाका हे विम्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. पावतीपुस्तकात कार्बन घालतात आणि खालच्या पावतीवर उमटू नये म्हणून त्याच्या खाली पत्रिकेचा कापलेला पुठ्ठा सरकवतात. कुणाच्या तरी लग्नाचा गणपती असतो त्यावर. जग यूपीआयवर गेलं तरी काका कार्बनवर आहेत, कारण यूपीआयला माणूस 'नंतर पाठवतो' म्हणतो. कार्बनला म्हणता येत नाही.

"कन्येला प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत टाकलंत म्हणे," काका म्हणाले. "तुमच्या मिसेसनी सांगितलं. लिफ्टमध्ये."

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. स्वयंपाकघरातून चहाच्या भांड्याचा जरा जास्तच आवाज आला.

"कमिटीत ठरलंय यंदा. स्लॅब केलेत. मुलं शाळेत किंवा सरकारी कॉलेजात, ५०१. विनाअनुदानित, १,००१. प्रायव्हेट युनिव्हर्सिटी, ५,००१. परदेशी, ११,००१."

"परदेशी ११,००१?"

"३०२ वाल्यांनी हसत दिले."

३०२ चा मुलगा जर्मनीत आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी घेतच नाहीत, हे मला ठाऊक आहे आणि ३०२ लाही ठाऊक आहे. म्हणजे ज्याचा मुलगा जवळजवळ फुकट शिकतो तो सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये आणि तोही हसत, कारण पावतीवर 'परदेशी' असं लिहून मिळतं. मी हे काकांच्या निदर्शनास आणून दिलं. काका म्हणाले, "तो त्यांचा मोठेपणा. तुमचं बोला."

मी म्हणालो, कोण कुठे शिकतो यावर वर्गणी ठरवणं मला पटत नाही. काकांनी मान डोलावली, चहाचा एक घोट घेतला, साखर कमी असल्याचं समाधान व्यक्त केलं आणि विचारलं, "गाडी कुठली घेऊन दिलीत तिला?"

"गाडी नाही. युनिव्हर्सिटीची बस आहे."

"एसी?"

"हो, पण..."

काकांनी लाल पेन काढून डायरीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दिसलं नाही, पण 'पण' नक्कीच लिहिलं नसावं.

मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं. "अहो पण मुलींना फी माफ केली ना सरकारनं? पेपरात आलं होतं मोठ्ठं."

आता या विषयावर मी दोन महिने घालवलेले असल्यामुळे मला राहवलं नाही. मी सांगितलं की तो जुलै २०२४ चा निर्णय. व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश हवा, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि अभिमत व खाजगी विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. आमचं उत्पन्न त्या रेषेच्या हातभर वर आहे आणि विद्यापीठ रेषेच्या पार पलीकडे.

"म्हणजे तुम्हाला माफ नाही."

"नाही."

"म्हणजे पूर्ण भरता."

"हो."

"म्हणजे आहेत," काका म्हणाले आणि कप खाली ठेवला.

मी म्हणालो, "काका, कर्ज काढलंय."

"बँक काय भिकाऱ्याला देते कर्ज? दिलं म्हणजे ऐपत बघूनच दिलं असणार."

याला उत्तर नाही. मी नंतर अंघोळीला, रिक्षात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे याला उत्तर शोधलं. शैक्षणिक कर्जाचं असं असतं की शिक्षण संपून वर्षभर हप्ता सुरू होत नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून मुकाट्यानं चढत असतं. त्या व्याजावर ८०-ई कलमाखाली आठ वर्षं करसवलत मिळते, असं बँकेतल्या माणसानं मला मोठ्या उत्साहानं सांगितलं. सही झाल्यावर सीए म्हणाला, नव्या करप्रणालीत ती मिळत नाही आणि तुम्ही नव्या प्रणालीत आहात. असो. हे काकांना सांगून उपयोग नव्हता. त्यांनी 'सीए आहे म्हणजे' असं सुरू केलं असतं.

काका उठायच्या बेतात होते. दारापाशी पोचून एक चप्पल पायात घातली आणि वळले. "एक विचारू? राग मानू नका. त्या लोकांची डिग्री त्यांचीच छापलेली असते म्हणे?"

"काका, प्रत्येक विद्यापीठाची डिग्री त्यांचीच छापलेली असते. मुंबई विद्यापीठ १८५७ पासून छापतंय."

"ते वेगळं."

"यांनासुद्धा विधिमंडळात कायदा करूनच परवानगी दिलेली असते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात कलम आहे, २२ नंबरचं..."

"कायदा कशाचाही होतो हो," काका म्हणाले आणि दुसरी चप्पल घातली. "छत्तीसगडला झाला होता की."

इथे मला मान्य करावं लागेल की काका पेपर नीट वाचतात. छत्तीसगडनं २००२ मध्ये कायदा केला आणि वर्षभरात शंभरावर खाजगी विद्यापीठं कागदावर उभी राहिली. काहींचं अख्खं विद्यापीठ एका खोलीत मावत होतं. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल कोर्टात गेले आणि २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती सगळी रद्द केली. अशा इतिहासानंतर माणूस 'छापलेली असते म्हणे' असं विचारत असेल तर त्याच्या मुळाशी काही नाही असं म्हणता येत नाही. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी तिथला प्रत्येक मजला मी स्वतः चालून बघितला होता. खोल्या भरपूर आहेत. माहितीपुस्तकातला जलतरण तलावही आहे. त्यात पाणी पुढच्या सेमिस्टरला सोडणार आहेत, असं गेल्या तीन सेमिस्टरपासून चाललंय.

तर मुद्दा असा, की खाजगी विद्यापीठातली ही मुलं लोक म्हणतात तशी खरंच असतात का? बड्या बापाची, गाडीतून येणारी, वर्गात न बसणारी, पैसे टाकून मार्क घेणारी?

गाड्या असतात. उगाच खोटं कशाला बोला. पालकसभेला गेलो तेव्हा पार्किंगमध्ये माझी गाडी लावताना मला तिच्यावर चादर टाकावीशी वाटली. (होय, पालकसभा. वीस वर्षांच्या मुलीची.) मुलगी म्हणते, त्यांच्यात दोन जाती आहेत, पार्किंगवाले आणि बसवाले. पार्किंगवाले दोन लेक्चरांच्या मधे कॉफी प्यायला हायवेपलीकडे जातात. बसवाले डबा खातात आणि पार्किंगवाल्यांच्या असाइनमेंट करून देतात. तिच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याच्या वडिलांनी दोन एकर विकून त्याला इथे घातलंय, आणि तो पार्किंगवाल्यांपेक्षा महागडा फोन वापरतो, कारण दोन एकर विकून आलेला मुलगा साध्या फोनवर दिसला तर घरच्यांनाच बरं वाटणार नाही. आता त्याला काकांनी कुठल्या स्लॅबमध्ये बसवावं?

वर्गात न बसण्याचं म्हणाल तर ते शुद्ध स्वप्नरंजन आहे. मला दर दोन दिवसांनी मेसेज येतो, 'डिअर पेरेंट, युवर वॉर्ड वॉज ॲबसेंट फॉर लेक्चर थ्री.' वॉर्ड म्हटलं की मला आधी नगरसेवक आठवतो. ७५ टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत, आणि तापाची चिठ्ठी डॉक्टरच्या शिक्क्यासकट लागते. आम्ही इंजिनिअरिंगला असताना पोरगा आठ दिवस दिसला नाही तर लोक म्हणायचे गावाला गेला असेल. महिना दिसला नाही तर त्याच्या कॉटवर दुसरा झोपायचा. मोकाट आम्ही होतो, आणि लौकिक मात्र यांचा.

मार्कांचं जरा अवघड आहे. खाजगी विद्यापीठाला संलग्न महाविद्यालयं नसतात. जो शिकवतो तोच पेपर काढतो, तोच तपासतो आणि तोच दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये भेटतो. त्यामुळे हात थोडा सैल सुटतो, हे मुलगीही कबूल करते. पण आयआयटीतही शिकवणाराच पेपर तपासतो, तिथे कुणी 'मार्क वाटतात' म्हणत नाही. आणि आमची ती थोर पद्धत काय होती? माझा एम-थ्रीचा, म्हणजे तिसऱ्या गणिताचा पेपर कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी हॉलमध्ये, कुण्या घामाघूम माणसानं तपासला आणि मला एकोणीस दिले. मी रिव्हॅल्युएशनला टाकला. निकाल यायच्या आत पुढची परीक्षा आली, ती मी दिली, पास झालो, आणि मग मागचा निकाल आला की मी आधीही पासच होतो. ती निःपक्षपाती व्यवस्था मला विसरता येत नाही.

आणि आता 'आमची' म्हणालोच आहे तर सांगून टाकतो. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं सुरू झाली. त्याआधी आपली पोरं डोनेशन भरायला कर्नाटकात जायची. मी १९९४ साली त्यातल्याच एका कॉलेजात गेलो. तेव्हा सुप्रीम कोर्टाच्या १९९३ च्या निकालामुळे निम्म्या जागा 'फ्री सीट' आणि निम्म्या 'पेमेंट सीट' अशी वाटणी होती. मी फ्री सीटवाला. आमची मान काय ताठ होती! माझा रूम पार्टनर पेमेंट सीटवर होता, द्राक्षबागायतदाराचा मुलगा. त्याला आम्ही 'पेमेंट' म्हणायचो. तोंडावर. "ए पेमेंट, शीट दे." ड्रॉइंगची शीट आमच्या विंगमध्ये एकच माणूस स्वतः काढायचा, पेमेंट. बाकी सगळे त्याच्या शीटवर आपला कागद ठेवून, काचेखाली बल्ब लावून जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग मारायचो. काच त्याची, बल्ब त्याचा, मिनी ड्राफ्टर त्याचा. आणि वायवाला बाहेरचे एक्झामिनर त्याला म्हणाले, "पेमेंट सीट का? मग शीट कुणाकडून काढून घेतली?" आम्ही मागे उभे राहून हसलो होतो.

त्या वाटणीचा हिशेब असा होता की पेमेंटवाल्यांनी जास्त भरायचं आणि त्यातून फ्रीवाल्यांची फी कमी ठेवायची. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठानं ती व्यवस्था काढून टाकली, तेव्हा पेपरात वाचून ही गोष्ट माझ्या डोक्यात पहिल्यांदा नीट शिरली. म्हणजे माझ्या डिग्रीतला काही भाग पेमेंटच्या वडिलांच्या द्राक्षांतून आला होता. हे मी काकांना सांगितलं नाही. त्यांनी मागची थकबाकी काढली असती.

संध्याकाळी मुलगी बसमधून उतरून आली. गळ्यात त्या युनिव्हर्सिटीचा तो रुंद पट्टा, कार्डासकट. तो काढला नाही तर लोक ओळखतात आणि काढून हरवला तर पाचशे रुपये दंड आहे, म्हणून ती तो उलटा करून घालते, नाव आतल्या बाजूला. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "बाबा, काकांचं सोडा. परवा इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूला एकानं विचारलं, पगाराची गरज आहे का तुम्हाला? मी हो म्हटलं तर तो हसला."

"मग?"

"मग काय. विदाऊट स्टायपेंड दिली." आणि खोलीत जाता जाता म्हणाली, "त्याच दिवशी सरकारी कॉलेजची एक मुलगी होती, तिला आठ हजार दिले. काय येतं हो त्या लोकांना? गाइडं पाठ करून पास होतात."

मी काही बोललो नाही. म्हणजे, बोलणार होतो.

वर्गणीचं म्हणाल तर मी शेवटी १,००१ दिले. विनाअनुदानितचा स्लॅब, माझ्या स्वतःच्या शिक्षणाच्या नावानं. काकांनी ५,००१ ची पावती रद्द केली नाही, कारण रद्द पावती हिशेबात चांगली दिसत नाही. तिच्यावरच लाल पेनानं काहीतरी केलं. काय केलं ते गुरुवारी कळलं. लिफ्टमध्ये यादी लागली आहे. ३०२ च्या पुढे '११,००१ (परदेशी)'. माझ्या पुढे '१,००१ (प्रायव्हेट). बाकी येणे ४,०००'.

तेव्हापासून मी जिन्यानं जातो. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. काल चौथ्या मजल्यावर धापा टाकत उभा होतो, तर काका वरून पावतीपुस्तक घेऊन उतरत होते.

"व्यायाम का? छान छान," काका म्हणाले. "पण तिकडे जिम असेल ना मुलीच्या इथे? एवढी फी भरता, पालकांना चालत असेल. विचारून बघा."