नेटवर्कवर कोण कोण आहे

डिव्हाइस डिस्कव्हरी, म्हणजे नेटवर्कवर कोणकोणती मशीनं आहेत ते शोधून काढणं, हे काम दुरून फार सोपं दिसतं. पत्त्यांची रेंज द्या, बटण दाबा, लिस्ट घ्या, असं आमचे साहेब म्हणतात. रेंज द्या म्हणे! स्लॅश २४ एवढं छोटं नेटवर्क असतं तर २५४ पत्ते, चुटकीसरशी उरकलं असतं, पण आधीच्या कोणीतरी 'पुढेमागे लागेल' म्हणून अख्खं स्लॅश १६ घेऊन ठेवलंय, म्हणजे ६५,५३४ दारं ठोठवायची, त्यातली बहुतेक घरं रिकामी, आणि रिकाम्या घरातून 'इथे कोणी नाही' हे सांगायलाही कोणी येत नाही, त्यामुळे स्कॅनर बिचारा टाइमआउट होईपर्यंत प्रत्येक दारात उभा.

बरं, जे आहेत ते तरी ओ देतील? विंडोजचा फायरवॉल बऱ्याचदा पिंगला, म्हणजे 'आहेस का' या हाकेला, उत्तरच देत नाही. माणूस समोर बसून खटाखट टाइप करतोय आणि रिपोर्टमध्ये त्याचं मशीन मयत. त्याच सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या त्याच तुकड्यात, एआरपीने ('हा आयपी पत्ता कोणाचा' असं विचारायची पद्धत) विचारलं तर मात्र गपचूप उत्तर येतं, कारण ते दिलं नाही तर त्याचंच नेट बंद पडेल. पण एआरपी राउटरच्या पलीकडे जात नाही, म्हणून प्रत्येक व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) एकेक प्रोब, म्हणजे छोटा स्कॅनर, बसवा, नाहीतर एसएनएमपीने (उपकरणांकडून माहिती मागायचा प्रोटोकॉल) स्विच-राउटरची टेबलं वाचा. एसएनएमपीची तर वेगळीच गंमत: जिथे कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे त्याचा पासवर्डच, बदलायला हवी होती तिथे ती अजून 'पब्लिक', आणि जिथे बदललीय तिथे बदलणारा माणूस नोकरी सोडून गेलाय.

फोनवाल्यांचं काय सांगावं. मॅक अॅड्रेस म्हणजे मशीनच्या नेटवर्क कार्डाचा नंबर, त्याच्या पहिल्या २४ बिटांवरून कंपनी कळते असं आम्ही शिकलो होतो, पण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायवर स्वतःचा बनावट मॅक घेऊन फिरतात, तोही प्रत्येक वायफायला वेगळा. म्हणजे एकच माणूस, एकच फोन, ऑफिसच्या वायफायवर एक एंट्री, गेस्टवर दुसरी, आणि दोन्हीपुढे 'अननोन'. मॅकमधला दुसरा आकडा २, ६, ए किंवा ई दिसला की समजायचं, नाव खोटं आहे. खरं कोणाचं ते मात्र विचारू नका.

आणि प्रिंटर! पोर्ट ९१०० वर, म्हणजे त्याच्या छपाईच्या दारावर, जे येईल ते छापायचं एवढंच त्याला ठाऊक. एनमॅप हा प्रसिद्ध स्कॅनर १९९७ पासून चालू आहे, त्याला हे माहितीय, व्हर्जन ओळखताना तो ९१०० ते ९१०७ ही पोर्टं मुद्दाम सोडून देतो. आमच्या टूलला एवढी पोच कुठली, त्याने प्रिंटरलाच 'बाबा तू कोण' असं विचारलं आणि प्रिंटरने तो प्रश्न इमानेइतबारे कागदावर उतरवला. अकाउंट्समधल्या मॅडम गठ्ठा घेऊन आल्या, वर एकेक ओळ, खाली कोरं पान. म्हणाल्या, "हे तुमचंच असणार."

तेवढ्यात सिक्युरिटीवाल्यांचा फोन, आवाज एकदम चढलेला, "नेटवर्क कोणीतरी स्कॅन करतंय!" म्हटलं, अहो मीच, परवानगीच्या मेलमध्ये तुम्हीही सीसीत आहात. "हो का, बघतो," म्हणाले, पण तोवर त्यांच्या सिस्टिमने स्कॅनरचा आयपी ब्लॉक करून टाकला होता. पुढचा रिपोर्ट आला तो एका ओळीचा: एकूण डिव्हाइस एक, स्कॅनर स्वतः. साहेबांना तोच सगळ्यात आवडला. म्हणाले, "बघा, ह्यात एकही अननोन नाही."