पळण्याची वही

आमच्या पळण्याच्या ग्रुपचे सर बोलायला गोड, पण नियमाला पक्के. "पळून आलं की आधी वही. काय जमलं, काय चुकलं, पुढच्या वेळी काय करायचं. चहा नंतर." पहिल्या दिवशी तळजाईच्या टेकडीवरून धापा टाकत आलो आणि लिहिलं, 'सुरुवात हळू करणे.' नेमका 'हळू'वर घामाचा थेंब पडला आणि तो शब्द पुसला गेला. पुढचं सगळं त्यामुळेच झालं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

परवा वही चाळली. 'सुरुवात हळू करणे' चौदा वेळा सापडलं. कधी निळ्या शाईत, कधी लाल, एकदा तर चिडून ठळक अक्षरात. अक्षर सुधारलंय, हे मान्य करायला हवं. 'लांब पल्ल्याला नवे मोजे नकोत' पाचदा. मोजे दर वेळी वेगळे. पळताना कातडी घासून सोलू नये म्हणून लावायच्या व्हॅसलीनची नोंद मात्र एकदाच आहे. ते कुठे लावायचं राहिलं होतं हे सांगत नाही, पण अंघोळीचा पहिला तांब्या अंगावर घेतल्यावर मी जो आवाज काढला, तो ऐकून शेजारचे काका बेल वाजवून विचारपूस करून गेले. तो धडा मी न लिहिताही पाठ झाला असता.

खरी फजिती साताऱ्याला झाली. तिथली हिल मॅरेथॉन २१ किलोमीटरची: आधी यवतेश्वरचा घाट चढायचा, मग तोच उतरायचा. चढ दमवतो, पण मांड्या मोडतो तो उतार. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, ब्रेक दाबून गाडी हाणल्यासारखं. आणि दुखणं लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उगवतं. हे सगळं मी जूनमध्ये सिंहगड उतरून आल्यावर लिहिलं होतं, मांडीच्या चित्रासकट. (चित्र तंगडी कबाबसारखं आलंय, ते सोडा.) पण घाटात धुकं, खाली कुठेतरी ढोल, आणि कडेची पोरं ओरडतायत, "चला काका, चला!" 'काका' ऐकलं आणि मी पाय मोकळे सोडले.

मंगळवारी कमोडवर भिंत धरून बसलो. उठायला बायकोला हाक मारावी लागली.

मला पलंगावर टेकवून तिने वही उघडली. "अहो, हे तर तुम्ही जूनमध्येच लिहिलंय!"

"लिहिलंय ना? मग?" मी म्हणालो.

तिने वही उलटी केली. मागच्या पानांवर तिचा दुधाचा हिशेब असतो. त्यात एकच शेरा होता: '१४ तारीख, पाणी फार. दूधवाल्याला बोलणे.' खाली १५ तारीख, एक लिटर. त्यापुढे कंसात, 'साय धरली.'