तीन क्लिक, सात पर्याय, पाच युजर: यूएक्सचं ते फॉरवर्ड जरा तपासूया

पणजी-फोंड्याकडच्या डिझाइनवाल्या ग्रुपांवर "पाच ओळींत यूएक्स" (युजर एक्सपिरियन्स, म्हणजे वस्तू वापरतानाचा सगळा अनुभव) असं एक फॉरवर्ड परत परत येतंय आणि नवीन पोरं इंटरव्ह्यूत तेच घडाघडा बोलून दाखवतात, म्हणून लिहितेय. त्यातले दावे असे: यूएक्स म्हणजे यूआयचंच (युजर इंटरफेस, म्हणजे समोर दिसणारी स्क्रीन) भारी नाव, काहीही तीन क्लिकच्या आत मिळालंच पाहिजे, मेनूत सातच्या वर पर्याय नकोत, पाच युजरवर टेस्ट केलं की काम झालं, आणि डार्क पॅटर्न (युजरला चकवून आपल्याला हवं ते करून घेणारं डिझाइन) म्हणजे स्मार्ट मार्केटिंग.

पहिलं घ्या. डिझाइनवर लिहिणारा डॉन नॉर्मन १९९३ला ॲपलमध्ये गेला तेव्हा त्याने 'युजर एक्सपिरियन्स आर्किटेक्ट' असं पद घेतलं, कारण नुसतं 'ह्यूमन इंटरफेस' त्याला तोकडं वाटत होतं, त्याला वस्तूच्या घडणीपासून मॅन्युअलपर्यंत सगळंच त्यात हवं होतं. आता होमस्टे बुकिंगचं ॲप घ्या, स्क्रीन एकदम देखणी, पण पाहुणा रात्री मोपा विमानतळावर उतरतो आणि कन्फर्मेशनमध्ये पत्ता काय तर "चर्चजवळ". गोव्यात! यूआयला दहापैकी दहा द्या हवं तर, पण तो माणूस टॅक्सीत बसून शिव्याच घालणार.

तीन क्लिकचं तर मला कळतच नाही, हे अजून जिवंत कसं. जोशुआ पोर्टर ह्या डिझायनरने २००३मध्ये ८,०००च्या वर क्लिक तपासून लिहिलं होतं की तीन क्लिक झाले म्हणून लोक सोडून जातात असं काही दिसत नाही, आणि क्लिक वाढले म्हणून ते जास्त वैतागतात असंही नाही. माणूस वैतागतो तो पुढे काय उघडणार ह्याचा अंदाज येत नाही तेव्हा, आणि हा अंदाज देणाऱ्या खुणांनाच 'इन्फर्मेशन सेंट' म्हणतात. दाखल्याच्या साइटवर "सेवा, इतर, अर्ज" असे तीनच क्लिक असले तरी माणूस तिथे हरवतो आणि तालुका, दाखला, रहिवासी, कागदपत्रं, फी असे पाच असले तरी न अडखळता शेवटपर्यंत जातो.

सातचा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरच्या १९५६च्या लेखातला, आणि तो लेख डोक्यात एका वेळी किती गोष्टी धरता येतात त्यावर आहे. मेनू डोळ्यांसमोर असतो, पाठ कोण करतंय? गोव्याचे तालुके १२, मग काय पेडणे, काणकोण गाळायचे?

पाच युजरचं अर्धं खरं आहे. युझेबिलिटीवाला (वापरसुलभतेचा तज्ज्ञ) जेकब नील्सन, त्याचा हिशोब असा की पाच जणांत साधारण ८५% अडचणी सापडतात, पण तो पुढे असंही सांगतो की दुरुस्त करून परत पाच जणांना बसवा, आणि युजर वेगवेगळ्या प्रकारचे असतील तर प्रत्येक गटातले घ्या. पर्वरीच्या को-वर्किंगमधले पाच मित्र धरून बसपासचं ॲप "टेस्टेड" म्हणायचं आणि सत्तरी तालुक्यातून रोज कॉलेजला येणारी मुलगी त्यात एकही नाही, असलं नको. आणि पाचातल्या चौघांना आवडलं म्हणून "८०% लोकांना आवडलं" अशी स्लाइड तर कृपा करून नको.

डार्क पॅटर्नचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. हॅरी ब्रिग्नल ह्या यूएक्सवाल्याने २०१०मध्ये हे नाव दिलं तेच फसवणुकीवर बोट ठेवायला. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत असे १३ प्रकार दिलेत आणि त्यांना मनाई आहे: न विचारता कार्टमध्ये विमा टाकणं, "नको" म्हणणाऱ्याला लाजवणं, शेवटच्या स्क्रीनवर चार्ज वाढवणं. खोटी घाईसुद्धा त्यातच येते. तेव्हा भर पावसाळ्यात, निम्म्या खोल्या रिकाम्या असताना, क्लायंटने "फक्त १ रूम शिल्लक" लावायला सांगितलं तर त्याला ती यादी दाखवा. खरंच एकच उरली असेल तर खुशाल लिहा.