ओळ क्रमांक २७

माझा पहिलावहिला वेब फॉर्म फक्त चार गोष्टी विचारत होता: नाव, ईमेल, निरोप, आणि खाली टिक करायला एक चौकट, 'मला उत्तर पाठवलेलं चालेल' अशी. पान उघडलं तर नावाच्या रकान्यात आधीच काहीतरी लिहिलेलं! ब्राउझरने माझं नाव लक्षात ठेवलं म्हणून क्षणभर भरून आलं. चष्मा लावून वाचलं तर 'वॉर्निंग: अनडिफाइन्ड व्हेरिएबल डॉलर नाव, ओळ २७'. तेही तिरक्या कंसांतल्या 'बीआर' (नवी ओळ) आणि 'बी' (ठळक अक्षर) या टॅगांसकट. पीएचपीला, म्हणजे ज्या भाषेत मी हा फॉर्म लिहिला तिला, मला ठळक अक्षरांत झापायचं होतं. पण रकान्यात ठळक अक्षरं उमटत नाहीत, म्हणून टॅग तसेच्या तसे येऊन पडले होते.

व्हेरिएबल म्हणजे माहिती ठेवायचा डबा, त्याच्या नावाआधी डॉलर लागतो; अनडिफाइन्ड म्हणजे असा डबा कुणी मांडलेलाच नाही. आता यात अनडिफाइन्ड काय आहे? नाव म्हणजे नाव!

ओळ २७ वर मी अख्खी संध्याकाळ घालवली. अर्धविराम काढला, घातला. अवतरणचिन्हं एकेरीची दुहेरी केली. वर दोन रिकाम्या ओळी सोडल्या तेव्हा चूक ओळ २९ वर गेली. काहीतरी हललं, एवढ्यावर मी चहा टाकायला उठणार होतो. ओळ २७ नुसती बोंब मारते, चोर भलतीकडेच असतो, हे तेव्हा मला कोण सांगणार?

भाचीने सांगितलं. फोनवर तिने संपूर्ण कोड वाचून दाखवायला लावला. मी भक्तिभावाने वाचला.

"मामा, हे तू कुठून उतरवलंस?"

"एका जुन्या धड्यातून."

"किती जुन्या?"

धडा त्या सुवर्णकाळातला निघाला, जेव्हा फॉर्ममध्ये 'नाव' रकाना केला की 'डॉलर नाव' हे व्हेरिएबल आपोआप तयार व्हायचं. रजिस्टर ग्लोबल्स म्हणायचे त्याला. त्या सोयीतून बाहेरचा कोणीही आपल्या व्हेरिएबलांत हवं ते घुसवू शकायचा, म्हणून पीएचपीच्या २००२ च्या ४.२ आवृत्तीपासून ती मुळात बंद ठेवलेली असे आणि २०१२ ला ५.४ मध्ये काढूनच टाकली. म्हणजे मी इतकी वर्षं बंद असलेल्या दाराची कडी वाजवत होतो. आता रकान्यातला मजकूर 'पोस्ट' नावाच्या यादीतून आपण स्वतः काढून घ्यायचा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आणि इथे तर मी पोहरा सोडलाच नव्हता.

सोडला. 'फॉर्म पाठवला असेल तर डॉलर नाव म्हणजे पोस्टमधलं नाव' अशी अट घातली आणि नोंद फाईलमध्ये उतरवायची सोयही केली. पान उघडलं, उत्साहाच्या भरात वर न बघता 'पाठवा' दाबलं. नोंद झाली! फाईल उघडली. नाव: वॉर्निंग, अनडिफाइन्ड व्हेरिएबल, ओळ ३१.

"अरे, पहिल्यांदा पान उघडतं तेव्हा कुणी काही पाठवलेलंच नसतं ना," भाची म्हणाली. "तुझी अट तेव्हा लागूच होत नाही, आणि खाली तू रकान्यात डॉलर नाव छापतोयस. सगळ्यात वर रिकामं ठेव त्याला." पाहुणा अजून फाटकाशी पोचला नव्हता आणि मी त्याला 'कसं वाटलं आमचं घर?' विचारत होतो. बरं, वर रिकामं ठेवलं ते मोठ्या 'एन'ने, खाली होतं लहान. पीएचपीत फंक्शनचं, म्हणजे ठरावीक काम नेमून दिलेल्या कोडच्या तुकड्याचं, नाव लहान-मोठ्या अक्षरांत कसंही लिहा, चालतं. व्हेरिएबलचं मात्र अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. हा पंक्तिभेद कुणाच्या डोक्यातून आला असेल, देव जाणे.

मधल्या काळात मी एक पाप केलं. सगळ्या तक्रारी दाखवणंच बंद करणारी एक ओळ सापडली, ती टाकली. पान कसं स्वच्छ, शांत! दोन दिवस मी स्वतःला प्रोग्रामर समजत होतो. मग कळलं, ईमेल रिकामेच साठतायत. कोडमध्ये रकान्याला ओळख द्यायच्या दोन खुणांपैकी मी 'आयडी' दिला होता, 'नेम' दिलंच नव्हतं. आणि फॉर्म पाठवताना ब्राउझर फक्त नेम विचारतो. पीएचपी बिचारं दोन दिवस तोंड दाबून ओरडत होतं. ती ओळ काढून टाकली. तशी ही तक्रार पूर्वी साधी 'नोटीस' असायची. २०२० ला आलेल्या आठव्या आवृत्तीत तिला 'वॉर्निंग'ची बढती मिळाली. माझ्यासारख्यांमुळेच मिळाली असणार.

चौकटीने तर कहर केला. टिक नाही केली तर ब्राउझर 'नाही' असं कळवेल ना? छे! तिचा उल्लेखच करत नाही. तिथे 'इस्सेट' लावून आहे का नाही ते बघायचं, किंवा दोन प्रश्नचिन्हं टाकायची: असेल तर ते घे, नसेल तर हे. २०१५ च्या ७.० पासून ही सोय आहे. मला इतकी आवडली की मी ती गरज नसलेल्या ठिकाणीही टाकली. भाची म्हणाली, कोड वाचताना कुणीतरी सारखं 'काय? काय?' करतंय असं वाटतं.

शेवटी तिनेच फॉर्म भरला. वर झळकलं: 'धन्यवाद,' आणि पुढे 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल डॉलर नाव'. आभार मानायचं काम मी एका फंक्शनला दिलं होतं, आणि फंक्शनच्या आत बाहेरचं कुणी ओळखीचं नसतं. नाव हातात नेऊन द्यावं लागतं. दिलं.

आता फॉर्म चालतो. पंधरा नोंदी झाल्यात, त्यातल्या तेरा माझ्याच. पहिली मी अजून पुसलेली नाही. श्रीयुत वॉर्निंग यांनी चौकटीत टिक केलेली नाही, त्यामुळे उत्तर पाठवायचा प्रश्न येत नाही.