हॉरर पिक्चर काढायचाय? बसा, सांगतो

तर गेल्या शुक्रवारी रात्री दहाच्या शोला आम्ही तिघं गेलो. मी, मावसभाऊ आणि त्याचा एक मित्र. पिक्चरचं नाव सांगत नाही, उगाच फुकटची जाहिरात कशाला. तिकीट २२० प्रमाणे ६६०, पॉपकॉर्नचा टब २८० (तिघात मिळून एक, आम्ही काय साखर कारखान्याचे चेअरमन नाय), पार्किंगचे २०. झाले ९६० रुपये. पाऊण वाजता बाहेर पडलो, सोलापुरातल्या सात रस्त्यापर्यंत कोण काय बोललं नाही, आणि मग गाडीवर मागं बसलेला मावसभाऊ म्हणाला, "का बे, ह्यात भूत कुठलं होतं?"

तेव्हाच ठरवलं. एवढं सोपं काम आहे तर आपल्या वाचकांनी पण दोन पैसे कमवावेत. एखादा काका फायनान्सर असेल, कोणाच्या सासऱ्याची जमीन विकली असेल, तर पुढचं नीट वाचा आणि लागा कामाला.

सगळ्यात आधी बंगला घ्या. डोंगरावर, धुक्यात, आणि भाव इतका कमी की खुळ्यालासुद्धा शंका यावी. आपल्या नवरा-बायकोला यायची नाही. होटगी रोडला गुंठाभर जागा घेताना आपण सातबारा दहा वेळा बघतो, वकिलाला दाखवतो, शेजाऱ्याला विचारतो, आणि हे लोक मुंबईवरनं येऊन सात बेडरूमचा बंगला किल्ली बघून घेतात. दारात वॉचमन पाहिजे. त्याच्या हातात कंदील. खिशात मोबाईल असतो, टॉर्च पण असतो, पण लावायचा नाही.

नवऱ्याला इंटरव्हलपर्यंत "तुझा भास असेल" एवढाच डायलॉग द्या.

भूत बाईचंच ठेवा. पुरुष मेले की डायरेक्ट मोक्षाला जातात असं हे सगळे पिक्चर बघून माझं पक्कं मत झालंय.

सुरुवातीला पाटी टाकायला विसरू नका की आम्ही अंधश्रद्धेचं समर्थन करत नाही. पुढं सव्वादोन तास तेच करायचं, शेवटी बाबा आणून त्याच्या हातनं सगळं निस्तरायचं. बाबा चिलीम ओढणारा घेतलात तर बोनस, कारण नेमका तो मंत्र म्हणायला लागला की खाली कोपऱ्यात येतं, धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे. आमच्या शोला तेवढ्यालाच लोक मनापासून हसले.

ट्रेलरमध्ये सगळं दाखवा, काही म्हणजे काही मागं ठेवू नका. आरशातला हात, पलंगाखालचं पोरगं, छतावरनं चालणारी म्हातारी, सगळं. आम्ही तो ट्रेलर आठवडाभर मोबाईलवर बघत होतो. थिएटरात त्याच्यापेक्षा नवीन काय मिळालं तर इंटरव्हल.

गाणं टाका. २००३ साली रामगोपाल वर्मानं 'भूत' नावाच्या पिक्चरमध्ये एकसुद्धा गाणं ठेवलं नव्हतं, साधा टॉवरमधला फ्लॅट, रोजची लिफ्ट, आणि लोकांनी नंतर लिफ्टमध्ये एकट्यानं जायचं सोडलं होतं. तसला येडेपणा करू नका. भूत गळा दाबत असताना मध्येच मनालीला जाऊन या.

भूत भरपूर दाखवा, लाईट लावून दाखवा, पैसे घातलेत ना व्हीएफएक्सला. १९७५ च्या जॉज मध्ये यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडायचा, त्यामुळं दिग्दर्शकाला तो धड दाखवताच येईना, नुसतं पाणी आणि म्युझिक, आणि जग पोहायला घाबरलं. आपल्याकडं कॉम्प्युटर बंदच पडत नाही, हीच अडचण आहे.

आता मुद्द्याची गोष्ट, आवाज.

आवाज मोठा करा. लई मोठा करा. सीन काय आहे ह्याला महत्त्व नाही. बाई फ्रीज उघडते, धडाम्! फ्रीज बंद करते, मागं नवरा उभा, धडाम्! मांजर खिडकीतनं उडी मारते, धडाम्! मी मोजलं, खरंच मोजलं, काय करणार दुसरं, पहिल्या तासात अकरा वेळा धडाम् झालं आणि त्यातल्या नऊ वेळा भुताचा काय संबंध नव्हता. तीन वेळा तर मांजरच होती. माझ्या शेजारच्या सीटवरचे काका पहिल्या दोनला दचकले, नंतर कानात रुमाल घालून निवांत झोपले. आणि दचकणं म्हणजे घाबरणं असतं का हो? पाठीमागं कोणी फटाका लावला तरी माणूस दचकतो. मग दिवाळीत आपण अख्खं सोलापूर हॉररमध्येच जगतो म्हणायचं का? ही युक्ती काय नवीन नाही. १९४२ ला कॅट पीपल नावाचा इंग्रजी पिक्चर आला, त्यात एक बाई रात्री एकटी चाललीय, मागं दुसऱ्या बाईच्या चपलांचा आवाज, मग तो आवाजच थांबतो, ती मागं बघते तर कोण नाही, पाय उचलते, अजून भरभर चालते, आणि फुस्सकन काहीतरी अंगावर येतं, तर ती असते बस. निर्माता व्हॅल ल्यूटन, त्याच्या नावानं ह्या युक्तीला अजून ल्यूटन बस म्हणतात. ऐंशी वर्षं झाली, सगळे त्याचीच बस चालवतायत, पण अरे त्या बसच्या आधी ती बाई किती वेळ चालते ते बघा ना! ते चालणं म्हणजे पिक्चर आहे. तुम्ही चालणं काढून टाकलं आणि नुसता हॉर्न ठेवला.

आमच्या आज्जीचं घर अशोक चौकाच्या पलीकडं. भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना, रात्रंदिवस खटाक् खटाक्, आम्ही सुट्टीला गेलो की त्याच्यावरच झोपायचो, बंद पडला की उलट जाग यायची. आज्जीची एकच भुताची गोष्ट होती. एकदा रात्री लोडशेडिंगमध्ये लाईट गेली. सगळे माग बंद, गल्ली गपगार. आणि आज्जीला भिंतीपलीकडनं ऐकू आलं, एक माग चालूय.

एवढीच गोष्ट. कोण चालवत होतं, का चालवत होतं, त्याच्यावर कुठल्या जन्मी अन्याय झाला होता, काय नाही. विचारलं की म्हणायची, झोप आता. मी आज चाळिशीला आलोय, आज्जी नाही, तो कारखाना पाडून तिथं अपार्टमेंट झालं, तरी लाईट गेली की पहिल्यांदा माझा कान भिंतीला जातो. बजेट शून्य. धडाम् शून्य. तुमच्या पिक्चरमध्ये असतं तर लगेच वीस मिनिटांचा फ्लॅशबॅक आला असता, मालक, कामगार, बलात्कार, आग, वर सगळं समजावून सांगायला एक प्रोफेसर, आणि शेवटी मागाला तोंड फुटून त्यातनं जीभ बाहेर आली असती. आली असती का नाही सांगा!

बरं. पुढं.

हीरोला एक बावळट मित्र द्या. हे हल्ली कंपल्सरी आहे. पोस्टरवर अंधार, लाल अक्षरं, ट्रेलरमध्ये एक जोक नाही, आणि आत जाऊन बघतो तर तो मित्र भुताला बघून पँटमध्ये करतोय. एकदा नाही, दोनदा. मला हॉरर कॉमेडीचा राग नाही, तसं सांगा ना तिकीट घेताना, आम्ही हसायच्या तयारीनं येऊ. मटणाची पाटी लावून बटाट्याचा रस्सा वाढायचा आणि वर "सगळ्यांना मटण झेपत नाही हो" म्हणायचं. शेवटी पाट्या पडताना दुसऱ्याच पिक्चरमधलं भूत येऊन डोळा मारून गेलं, म्हणजे आम्ही पुढच्या भागाचे पण गिऱ्हाईक.

थिएटरवाल्यांनी काय करायचं ते त्यांना सांगायला नको. एसी पहिली वीस मिनिटं, नंतर आपापल्या जबाबदारीवर. मागच्या रांगेत एक जण फोनवर, "पिक्चरला आलोय बे, भुताचा, नाय नाय, बोल की, काय होत नाय." खरंच काय होत नव्हतं, त्याचं तरी काय चुकलं.

आणि मग हेच लोक मुलाखतीत म्हणतात की आपल्या प्रेक्षकाला खरा हॉरर नकोय. कोण म्हणलं बे? कुणाला विचारलं? तुंबाड साठी ती माणसं पावसाळ्यामागनं पावसाळे थांबली, खऱ्या पावसात शूट केलं, २०१८ ला थिएटरात फार कोण गेलं नाही, मान्य, मी पण मोबाईलवर बघितला, माझी चूक. पण २०२४ ला परत लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त धंदा केला ना त्यानं? सहा वर्षं जुना पिक्चर, घरी बघून झालेला, तरी लोक पैसे देऊन गेले. मराठीत लपाछपी आला २०१७ ला, त्यानं काय वापरलं? ऊस. नुसता ऊस, उभा, भरदिवसा. त्याच्यावरनं हिंदीत छोरी काढावा लागला. आमच्या जिल्ह्यात एवढा ऊस उभा असतो, बंद पडलेल्या गिरण्या आहेत, भुईकोट किल्ला गावाच्या मधोमध आहे, नारायण धारप-रत्नाकर मतकरींच्या भयकथा वाचून रात्री पांघरुणातनं पाय बाहेर न काढणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. आम्हाला घाबरायचंय! पैसे खिशात घेऊन, रात्री दहाला, बायकोची बोलणी खाऊन आम्ही घाबरायला येतोय, ह्याच्यापेक्षा सोपं गिऱ्हाईक कुठल्या धंद्यात मिळतं? आणि तुम्ही आम्हाला खुळ्यात काढताय. लिहायला सहा महिने बसायचं नाही, सीन थांबवायचा नाही, कारण तुम्हालाच भीती वाटते की लोक मोबाईल काढतील. काढणारच, तुम्ही त्यांच्या समोर ठेवलंयच काय? एक गोष्ट धड सुचत नसेल तर नका काढू, कोणी जबरदस्ती केलेली नाही, चादरीचं दुकान टाका, पण ९६० रुपये घेऊन अंधारात बसवून कानाशी डबे वाजवायचे धंदे बंद करा.

आणि ती मांजर सोडा. बिचारीनं काय केलंय तुमचं.