‘डोळे झाकून वरचं रँकिंग घ्या’? जरा थांबा

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला, त्यात आमचे भाऊजीही आले, कारण भाचीला इंजिनिअरिंगच्या दोन ऑफर आल्यात आणि घरात दुसरा विषयच नाहीये. मेसेजमध्ये पाच सल्ले आहेत. रँकिंगमध्ये जी युनिव्हर्सिटी वर ती घ्या, ब्रँच काय नंतर बदलता येते, सरासरी पगाराचा आकडा बघा, स्कॉलरशिप देतायत म्हणजे त्यांना पोरं मिळत नाहीयेत, आणि ॲक्रेडिटेशन, म्हणजे अभ्यासक्रमाला मिळालेली मान्यता, सगळ्यांकडे असतंच. खाली ठळक अक्षरात "डोळे झाकून मोठं नाव घ्या". अहो, चप्पल घेतानासुद्धा आपण पायात घालून चार पावलं चालून बघतो.

रँकिंगपासून सुरू करते, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्याच्यावरच उभाय. क्यूएस ही युनिव्हर्सिट्यांची रँकिंग काढणारी कंपनी, तिच्या ज्या जागतिक यादीचे स्क्रीनशॉट फिरतात त्यात ३० टक्के वजन प्राध्यापकांच्या मताला, म्हणजे जगभरच्या लोकांना विचारायचं की तुमच्या मते कुठलं रिसर्च भारी, १५ टक्के कंपन्यांना असंच विचारून, आणि २० टक्के रिसर्च पेपरांच्या सायटेशनला, म्हणजे ते पेपर इतरांनी किती वेळा संदर्भाला घेतले त्याला. झाले ६५. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी याला फक्त १०, आणि तेही आधी २० होते, २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या यादीत निम्मे केले. शिकवण्याच्या जरा तरी जवळ जाणारा हाच एक आकडा! सेकंड इयरला थर्मोडायनॅमिक्स प्रोफेसर शिकवणार की टीए (म्हणजे शिकवायला मदत करणारा सीनियर विद्यार्थी), लॅबमध्ये एका सेटअपवर तीन पोरं उभी राहणार की नऊ, यातलं काहीही त्या यादीत नाही. विषयवार यादी जरा बरी, पण तिचा जीवही मतं आणि सायटेशन यातच.

अमेरिकेत यूएस न्यूज या माध्यमसंस्थेची अंडरग्रॅड इंजिनिअरिंगची यादी तर निव्वळ डीन आणि सीनियर प्राध्यापकांच्या सर्व्हेवर बनते, म्हणजे एकमेकांबद्दल काय वाटतं तेवढंच. आणि आकडे युनिव्हर्सिटी स्वतः भरून देते तिथे काय होतं ते २०२२ मध्ये दिसलं, न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीच्याच एका गणिताच्या प्राध्यापकाने युनिव्हर्सिटीने दिलेल्या आकड्यांवर शंका घेतली आणि त्या वर्षी यूएस न्यूजच्या एकूण युनिव्हर्सिट्यांच्या यादीत कोलंबिया दुसऱ्या नंबरवरून थेट अठराव्यावर आली. एका वर्षात तिथलं शिकवणं सोळा पायऱ्या खाली घसरलं का? काहीच घसरलं नाही, फक्त आकडे बदलले. उलट बाजूने अमेरिकेतलंच ऑलिन कॉलेज बघा, २००२ पासून चालू आहे, काही शे विद्यार्थी, सगळा भर प्रोजेक्टवर, इंजिनिअरिंग शिकवणारे लोक त्याचं उदाहरण देतात आणि क्यूएसच्या यादीत ते शोधून सापडत नाही.

आता "ब्रँच नंतर बदलता येते". मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा आला, कारण यात पोरं खरंच तोंडावर पडतात. ऑफर इंजिनिअरिंगची आहे की ठरावीक ब्रँचची, हे आधी बघा. अमेरिकेत पर्ड्यूमध्ये पहिलं वर्ष सगळ्यांचं कॉमन, ब्रँच त्यानंतर. टेक्सस ए अँड एमचंही तसंच, मार्क चांगले तर हवी ती ब्रँच, नाहीतर उरलेल्या जागांसाठी स्पर्धा. कॅनडात यूबीसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियामध्येही पहिल्या वर्षाच्या मार्कांवर दुसऱ्या वर्षाची ब्रँच ठरते. यात वाईट काहीच नाही, ज्याला अजून नक्की माहीत नाही की मेकॅनिकल की इलेक्ट्रिकल त्याला हे उत्तमच, पण ज्याला कॉम्प्युटरच हवंय आणि तो दुसऱ्या ब्रँचमध्ये शिरून "आत गेल्यावर बघू" म्हणतोय त्याच्यासाठी हा जुगार आहे, कारण बऱ्याच मोठ्या युनिव्हर्सिट्यांमध्ये कॉम्प्युटर सायन्सचं दार आतून जवळपास बंदच असतं. म्हणून डिपार्टमेंटला सरळ मेल टाका की ट्रान्सफरचा नियम काय आणि मागच्या वर्षी कितीजणांना मिळाली. उत्तर गोलमोल आलं तर तेही उत्तरच समजा.

सरासरी पगार. दहाजण पास झाले, नऊजणांना ६, एकाला ६६, कुठल्याही चलनात धरा. सरासरी आली १२. त्या दहातल्या एकालाही १२ मिळालेले नाहीत! मीडियन मागा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर मधोमध येणारा आकडा, तोही आपल्या ब्रँचचा मागा, अख्ख्या युनिव्हर्सिटीचा नको, आणि सर्व्हेला उत्तर कितीजणांनी दिलं हेही विचारा, कारण नोकरी न लागलेला पोरगा फॉर्म भरायला बसत नाही. पगारापेक्षा मी तरी इंटर्नशिप कशी बांधलीय ते बघेन. कॅनडातल्या वॉटरलूमध्ये इंजिनिअरिंगला को-ऑप, म्हणजे शिकता शिकता कंपनीत पगारी काम, सगळ्यांना सक्तीचा, आठ टर्म अभ्यास आणि मधेमधे चार-चार महिन्यांच्या सहा वर्क टर्म, डिग्रीला पाचेक वर्षं लागतात पण पोरगा बाहेर पडतो तो दोन वर्षं काम केलेला. बाकी ठिकाणी "इंडस्ट्री एक्स्पोजर" म्हणजे कधीकधी एक गेस्ट लेक्चर असतं.

स्कॉलरशिपचा मुद्दा तर सरळ चूक आहे. जॉर्जिया टेक मेरिट स्कॉलरशिप देतं, ड्यूक देतं, त्यांना पोरं मिळत नाहीत? एमआयटी किंवा हार्वर्ड-येलसारखे आयव्ही लीगवाले मेरिटवर देत नाहीत, घरची परिस्थिती बघून देतात, तो त्यांच्या धोरणाचा भाग, दर्जाचा नाही. खरी मेख वेगळीच असते आणि ती पत्राच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात असते. भाचीची दोन्ही पत्रं घेऊन आम्ही एका रात्री बसलो. खालच्या रँकवालीने स्कॉलरशिप दुप्पट दिलेली, पण अट अशी की दर वर्षी जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, ३.५ च्या वर हवा, खाली गेला की पुढच्या वर्षापासून बंद. वरच्या रँकवालीने कमी दिली, पण अट फक्त नापास न होता पुढे जाण्याची. मग मी कागदावर एका बाजूला चारही वर्षं पूर्ण स्कॉलरशिप धरून बेरीज केली आणि दुसऱ्या बाजूला फक्त पहिलं वर्ष मिळाली असं धरून. दुसऱ्या बेरजेत स्वस्त वाटणारी ऑफर चांगलीच महाग निघाली. ताई म्हणाली, "एवढं बारीक कोण वाचतं?"

ॲक्रेडिटेशन लवकर आटपते. ते युनिव्हर्सिटीला नाही, एकेका प्रोग्रॅमला मिळतं, त्यामुळे एकाच बिल्डिंगमध्ये सिव्हिलला असू शकतं आणि नव्याने काढलेल्या रोबोटिक्सला नसू शकतं, अमेरिकेत ही मान्यता देणारी एबीईटी ही संस्था तर पहिला विद्यार्थी पास होईपर्यंत देतच नाही. १९८९ चा वॉशिंग्टन अकॉर्ड नावाचा करार आहे, सहा देशांनी सुरू केला, भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला, त्यातले देश एकमेकांचे असे प्रोग्रॅम समकक्ष मानतात. सॉफ्टवेअरच्या नोकरीला हे सहसा कोणी विचारत नाही. पण पोराला उद्या पुलाच्या ड्रॉइंगवर सही करायची असेल तर लायसन्सच्या वेळी हाच कागद मागतात. ब्रिटनमध्ये तर चार्टर्ड इंजिनिअर व्हायला शिक्षण म्हणून मान्यताप्राप्त एमइंग (मास्टर्सपर्यंतची डिग्री) पुरतं आणि नुसत्या बीइंगला (बॅचलर्सला) वर आणखी शिक्षण लागतं, तेव्हा ऑफरवर यातलं काय लिहिलंय ते बघून घ्या.

नावाला काहीच किंमत नाही असं मी म्हणत नाहीये. पहिला इंटरव्ह्यू मिळायला नाव कामी येतं. पण डेल आणि क्रूगर या संशोधकांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला, त्यात सारख्याच कॉलेजांत प्रवेश मिळालेल्यांची तुलना केली तर मोठ्या नावाचं सोडून साधं घेणाऱ्यांची पुढची कमाई साधारण तेवढीच निघाली. गरीब घरातल्या मुलांना मात्र मोठ्या नावाचा फायदा झाला, आणि नेमकी ही बाजू मेसेजवाल्यांनी घेतली असती तर निदान वाद घालण्यासारखं काहीतरी मिळालं असतं.

भाचीने शेवटी वरच्या रँकवालीच घेतली बरं का. तिथे मेकॅनिकलला थेट प्रवेश आहे, स्कॉलरशिपची अट झेपणारी आहे आणि पहिल्याच सेमिस्टरला वर्कशॉप आहे. भाऊजींना वाटतंय त्यांच्या मेसेजमुळे घेतली. वाटू दे.